अटकेची बातमी आणि विद्यार्थ्याचं नाव

भिवंडीहून पालघर फार लांब नाही. 2012 साली तर दोन्ही ठाणे जिल्ह्यातच होती. त्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते ‘लाइक’ केलं, एवढंच. पुढे प्रकरण बंद झालं. 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते 66अ कलमच रद्द केलं. नावं मात्र आजही शोधली की सापडतात.

आता कोणी म्हणेल, छापून आलं म्हणून तर अन्याय कळला! खरंय. गुपचूप अटक त्याहून भयंकर. पण पोलिसांवर नजर ठेवायला काय लागतं? ठाणं, कलम, तारीख, कारण. मुलाचं नाव कशाला? त्याला स्वतःलाच बोलायचं असेल तर गोष्ट वेगळी.

अटक म्हणजे संशय, निकाल नव्हे. पूर्वी कॉलेजच्या भित्तिपत्रकातला कागद पंधरवड्यात उतरायचा. वेबसाइटवरचा अंक उतरत नाही. त्यात आपल्याकडे अकरावी-बारावीची मुलंही बहुधा त्याच आवारात. अठराच्या आतल्या मुलाची ओळख छापायला बाल न्याय कायद्याचं कलम 74 बंदी घालतं. पण अठरा पूर्ण झाल्यानंतरच्या घटनेला हे संरक्षण नाही. तेरावीतला पोरगा उघड्यावर. तिथे निर्णय संपादक मंडळातल्या त्याच्याच वर्गमित्रांनी घ्यायचा असतो.

नाव छापलंच, तर सुटकेची बातमीही त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छापा आणि जुन्या बातमीला जोडा. तेवढा पाठपुरावा जमणार नसेल, तर नाव वगळा.