पायाच्या लहान बोटांच्या विकृती : संज्ञा आणि उपचार

पायाच्या अंगठ्याखेरीज इतर बोटांस सामान्यतः तीन पेरे असतात. मधला सांधा खाली वाकल्यास ‘हातोडी-बोट’, टोकाचा वाकल्यास ‘मोगरी-बोट’, आणि बुडाचा सांधा वर उचलला जाऊन पुढील दोन्ही वाकल्यास ‘नखर-बोट’ अशी संज्ञा योजता येते. संज्ञेवरून विकृतीचे स्थान कळते, ताठरता कळत नाही. उपचार मात्र मुख्यतः ताठरतेवर अवलंबून असतो. हाताने सरळ होणाऱ्या बोटास रुंद पादत्राण, मऊ गादी, प्रसंगी कंडरेचे स्थानांतर पुरते. ताठरलेल्या बोटावर शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास हाड छाटावे किंवा सांधा कायमचा जखडावा लागतो. कुष्ठरोगाने वा मधुमेहाने बधिर झालेल्या पायात बोटाच्या टोकावरील व्रण दुखत नाही आणि नकळत हाडापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून बोट लवचिक आहे तोच त्याची परीक्षा होणे अगत्याचे होय.