सायकलचा ब्रेक : घासाघीस कोठे थांबवावी?

माधवनगरहून दंडोबाच्या डोंगराकडे सायकलने जाणाऱ्या तरुणांचा चढावर दम निघतो; परंतु खरी परीक्षा उतारावर होते. मुलाला गिअरची सायकल घेताना घरात रंग, गिअर आणि किंमत यांची चर्चा होते, ब्रेकची क्वचितच.

केवळ ‘डिस्क ब्रेक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. तारेवर चालणारा ब्रेक स्वस्त व दुरुस्तीस सोपा असतो. मात्र तो वरचेवर जुळवावा लागतो. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक हलक्या बोटानेही नेमका लागतो. त्याला कोणते तेल लागते, हे खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावे. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल, तर काही कंपन्यांच्या ब्रेकला डॉट ऑइल लागते. एकाच्या जागी दुसरे घातल्यास आतील रबरी सील खराब होऊन ब्रेक निकामी होऊ शकतो.

रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती, बहुधा १६०, १८० किंवा २०३ मिलिमीटर व्यासाची असते. मोठ्या चकतीने ब्रेक अधिक जोराने लागतो व ती कमी तापते. परंतु फ्रेम व फोर्क यांना चालेल एवढीच बसवावी. शिमानोची नवी चकती १.८ मिलिमीटर जाड असते, ती १.५ पर्यंत झिजली की बदलावी. काही स्वस्त चकत्यांवर केवळ रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते. त्यांवर धातूचे पॅड बसवू नयेत. चकतीला साखळीचे वंगणही लागू देऊ नये.

घासाघीस हा व्यापारी घराचा गुणच आहे. ती सीट आणि घंटीवर जरूर करावी. ब्रेकवर वाचवलेली रक्कम मात्र नफ्यात धरू नये. ते उतारावर फेडावे लागणारे देणे असते.