तान्ह्या मुलांसाठी संगीत-चित्रफिती : समज आणि वस्तुस्थिती

पाळण्याची दोरी ओढीत म्हटलेली अंगाई आणि मांडीवर बसवून म्हटलेली बडबडगीते ही बालसंगोपनाची आपल्याकडील जुनी साधने होत. अलीकडे त्यांच्या जोडीला, आणि काही घरी त्यांच्या जागी, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील गाण्यांच्या चित्रफिती आल्या आहेत. मूल रडू लागले किंवा जेवेनासे झाले की चित्रफीत लावली जाते आणि मूल शांत होते. शिवाय त्यातून ते शब्द, अंक आणि इंग्रजीही शिकते, असा अनेक पालकांचा समज असतो. पहिली दोन वर्षे भाषेच्या जडणघडणीची असल्याने हा समज पारखून घेणे अगत्याचे आहे.

या समजाचे एक मूळ अमेरिकेत सापडते. मोझार्टचे संगीत ऐकल्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एका विशिष्ट चाचणीतील कामगिरी काही मिनिटांपुरती सुधारली, असा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगात तान्ही मुले नव्हतीच. तरीही संगीताने बाळाची बुद्धी वाढते, अशी समजूत पसरली. पुढे 'बेबी आइन्स्टाइन' या चित्रफिती तेथे घरोघरी पोहोचल्या. २००१ साली ही संस्था डिस्ने कंपनीने विकत घेतली आणि २००९ साली त्याच कंपनीने ग्राहकांना चित्रफितींचे पैसे परत देऊ केले. मात्र अशा चित्रफितींचा प्रसार थांबला नाही. दक्षिण कोरियात तयार झालेले 'बेबी शार्क' हे गीत जानेवारी २०२२ पर्यंत यूट्यूबवर १,००० कोटी वेळा पाहिले गेले होते.

चित्रफितीतून मूल भाषा शिकते काय, हे शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष तपासले आहे. पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चिनी भाषा ऐकविण्यात आली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून ऐकणारी बालके त्या भाषेतील ध्वनींचे भेद ओळखू लागली. तीच भाषा पडद्यावरून ऐकणाऱ्या बालकांना मात्र काहीच लाभ झाला नाही. ज्या गावांत घरी मराठी आणि शेजारी कन्नड, कोंकणी किंवा गुजराती बोलली जाते, तेथे हा निष्कर्ष विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. दुसरी भाषा मुलाच्या कानी पडावी, असे वाटत असेल तर ती बोलणारी शेजारीण पडद्यापेक्षा अधिक उपयोगी होय.

ज्यूडी डेलोच यांच्या २०१० सालच्या अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना चार आठवडे शब्द शिकविणारी चित्रफीत दाखविण्यात आली. ती न पाहिलेल्या मुलांपेक्षा या मुलांना अधिक शब्द आले नाहीत. ज्यांच्या आईवडिलांनी तेच शब्द रोजच्या व्यवहारात शिकविले, त्या मुलांनी सर्वाधिक प्रगती केली.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. मूल हुंकार देते तेव्हा आई उत्तर देते. मूल जिकडे पाहते, त्या वस्तूचे नाव ती घेते. मूल कंटाळले तर गाणे थांबविते. या देवाणघेवाणीतून भाषा रुजते. पडदा गातो, परंतु मुलाचे ऐकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये. एक वर्षाच्या मुलासाठीही तो इष्ट नाही. आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाची मर्यादा पाळावी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्यास सांगितले आहे. दूरच्या आप्तांशी क्वचित होणारे चित्रसंभाषण एवढाच त्यास अपवाद आहे.

गाणे वाईट नाही. गाणाऱ्याची अनुपस्थिती हाच खरा दोष आहे. कामाच्या रगाड्यात एखादे वेळी पडदा दाखविला म्हणून कोणत्याही मातेने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. चित्रफितीतील गाणे आवडले तर ते स्वतः पाठ करावे आणि पडदा बंद करून मुलाला म्हणून दाखवावे. अंगणवाडी सेविकांनी व शिक्षकांनी माता-मेळाव्यांतून ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी आणि गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ठाऊक असलेली गाणी तरुण मातांना शिकविण्याचा प्रघात पाडावा. त्यास खर्च नाही, आणि आवाज गोड असण्याचीही अट नाही.