डोळ्याच्या पडद्यावर मेंदूची खबर

आपल्या ताडकळस भागात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हातपाय लुळे पडले की लोक म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ मग कुणी अंगारा लावतो, कुणी कबुतराचं रक्त चोळतो. बंधू-भगिनींनो, हे वारं नव्हे. मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते, त्याला पक्षाघात म्हणतात. त्याच्या धोक्याची चाहूल कधी कधी डोळ्यांच्या पडद्यावर आधीच लागते.

डोळ्याचा आतला पडदा गर्भात मेंदूच्याच भागापासून तयार होतो. दोन्हींच्या बारीक रक्तवाहिन्या बऱ्याच सारख्या असतात. मेंदू कवटीत बंद असतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मात्र चिरफाड न करता थेट बघता येतात. त्यासाठीचं उपकरण जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बनवलं.

रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की पडद्यावरच्या धमन्या अरुंद होतात, त्यांच्या भिंती जाड होतात. पुढे रक्ताचे ठिपके, कापसासारखे डाग दिसतात. साखरेच्या आजारात रक्तवाहिन्यांना बारीक फुगे येतात. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक लोकांच्या पडद्याचे फोटो घेऊन काही वर्षं पाहणी झाली. २००१ मध्ये निष्कर्ष आला: पडद्यावर असे बदल असलेल्यांना पक्षाघात जास्त होतो. स्मृतिभ्रंशाबाबतही संशोधन चालू आहे, पण नुसत्या पडद्यावरून तो आजार ठरवता येत नाही.

मग आपण काय करायचं?

• तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ही तपासणी मोफत आहे.

• साखर असेल तर नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासावा. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारावं. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नाही. परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेत्र विभागात ‘पडदा बघा’ असं स्पष्ट सांगा.

• तपासणीसाठी डोळ्यात औषध टाकतात, काही तास धूसर दिसतं. सोबत माणूस न्या. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नका.

• ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद करू नका. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाताना पुरेशा गोळ्या आणि तपासणीचा कागद सोबत ठेवा. तंबाखू सोडा, मीठ कमी करा.

एका डोळ्याची नजर अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर लगेच १०८ ला फोन करा. थोड्या वेळात बरं वाटलं तरी थांबू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अंगाऱ्यात तेवढा वेळ निघून जातो.