पक्षाची घटना आणि अल्पसंख्य माणूस : कॅनडाच्या रिफॉर्म पक्षाचा अनुभव

माझे वडील गावच्या सोसायटीचे सभासद होते. सोसायटीचे नियम त्यांना कोणी कधी वाचून दाखवले नाहीत. कागद पुढे यायचा आणि वडील अंगठा उठवायचे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी राज्यशास्त्र शिकलो, आता शिकवतो. पण त्या अंगठ्याची शाई मनातून गेलेली नाही. म्हणून कोणत्याही संघटनेचा कागद हाती आला की मी तीन प्रश्न विचारतो. निर्णय कोण घेणार? नेत्याला खाली कोण उतरवणार? आणि संख्येने जो थोडा आहे त्याचे काय?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी एक संघटना काढायचे ठरवले आणि तिची घटना लिहून माझ्याकडे आणली. उद्दिष्टांना चार पाने दिली होती. अध्यक्षाला पदावरून दूर कसे करायचे, याविषयी एक ओळही नव्हती. त्या मुलांना मी कॅनडाच्या रिफॉर्म पक्षाची घटना समजावून सांगितली. हा पक्ष आपल्या विचारांचा नव्हे. तो उजव्या विचारांचा, पश्चिम कॅनडातल्या प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गाचा पक्ष होता. परंतु सामान्य सभासदाच्या हाती सत्ता देण्याची भाषा त्याने आपल्या घटनेत उतरवली होती. ती भाषा कुठवर टिकली आणि कुठे तुटली, हे पाहणे चळवळीतल्या माणसाला उपयोगाचे आहे.

पक्ष जन्मला तो पश्चिमेकडच्या प्रांतांच्या असंतोषातून. राज्य ओटावातून चालते, मते ओंटारिओ आणि क्वेबेकमध्ये मोजली जातात आणि आम्हांला कोणी विचारत नाही, अशी अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया, सास्काचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांतल्या लोकांची भावना होती. १९८० च्या राष्ट्रीय ऊर्जा धोरणाने अल्बर्टाच्या तेलावर केंद्राचा हात पडला. १९८६ मध्ये लढाऊ विमानांच्या देखभालीचे कंत्राट विनिपेगच्या कंपनीची निविदा सरस असूनही मॉन्ट्रियलच्या कंपनीला देण्यात आले. १९८७ च्या मे महिन्यात व्हँकूव्हरला परिषद झाली आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या दिवसांत विनिपेगला पक्षाची स्थापना झाली.

आता घटना पाहू. पक्षाचा पाया म्हणजे मतदारसंघातली सभासदांची शाखा. शाखांनी प्रतिनिधी निवडायचे, प्रतिनिधींच्या अधिवेशनाने धोरण ठरवायचे, घटनेत दुरुस्ती करायची आणि कार्यकारिणी निवडायची. नेतृत्वाची निवडणूक घ्यावी काय, हा प्रश्न अधिवेशनात प्रतिनिधींपुढे गुप्त मतदानाने ठेवायचा. उमेदवार शाखेने निवडायचा. मोठा निर्णय थेट सभासदांपुढे न्यायचा. १९९१ मध्ये सास्कटूनच्या अधिवेशनाने पूर्वेकडच्या प्रांतांत पसरण्याचे ठरवले, तेव्हा तो ठराव सर्व सभासदांच्या मताला टाकला गेला.

खासदाराविषयीचे तत्त्व अधिक धीट होते. पक्षाचे धोरण, खासदाराची सदसद्विवेकबुद्धी आणि मतदारांची इच्छा यांत विरोध आला तर मतदारांची इच्छा वरचढ मानावी, असे पक्ष सांगत असे. देशासाठीही त्याची मागणी तीच होती : सार्वमत, निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा अधिकार, सभागृहात मुक्त मतदान आणि प्रत्येक प्रांताला समान जागा असलेली, लोकांनी निवडलेली, खरे अधिकार असलेली सिनेट. आपल्याकडे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकीच धोक्यात येते. हे ध्यानात घेतले की या तत्त्वाचा वेगळेपणा कळतो. ते नुसते कागदावर राहिले असेही नाही. १९९५ मध्ये बंदुकांच्या नोंदणीच्या विधेयकावर रिफॉर्मच्या काही खासदारांनी मतदारसंघाचा कौल मानून पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिले.

या घटनेतले सर्वांत विलक्षण कलम मुदतीचे होते. नोव्हेंबर २००० पूर्वी अधिवेशनाने दोन तृतीयांश मतांनी घटना पुन्हा मंजूर केली नाही तर पक्ष आपोआप संपावा, अशी तरतूद स्थापनेच्या वेळीच केली गेली. ज्या कामासाठी पक्ष काढला ते काम विसरून तो केवळ गादी सांभाळत बसू नये, हा त्यामागचा हेतू.

नियम असे. व्यवहार कसा होता? पहिली परीक्षा विनिपेगलाच झाली. नेतेपदासाठी प्रेस्टन मॅनिंग आणि स्टॅन रॉबर्ट्स उभे होते. प्रतिनिधींच्या नोंदणीवरून वाद पेटला, रॉबर्ट्स मतदानापूर्वीच बाहेर पडले आणि मॅनिंग बिनविरोध निवडले गेले. सामान्यांच्या या पक्षाचा नेता एका मुख्यमंत्र्याचा मुलगा होता. वडील अर्नेस्ट मॅनिंग यांनी १९४३ ते १९६८ अशी पंचवीस वर्षे अल्बर्टावर राज्य केले होते. पुढे पक्ष असेपर्यंत नेतेपद प्रेस्टन मॅनिंग यांच्याकडेच राहिले. नेतृत्व बदलण्याची वाट घटनेत होती, पण त्या वाटेने कोणी नेता बदलला नाही.

या प्रांताला असा अनुभव आधीही आला होता. १९३५ मध्ये अल्बर्टात सोशल क्रेडिट पक्षाचे विल्यम एबरहार्ट सत्तेवर आले. १९३६ मध्ये त्यांच्या सरकारने आमदाराला परत बोलावण्याचा कायदा केला. मग खुद्द एबरहार्टांच्याच मतदारसंघात त्यांना परत बोलावण्यासाठी सह्या गोळा होऊ लागल्या. १९३७ मध्ये सरकारने तो कायदाच रद्द केला. अर्नेस्ट मॅनिंग तेव्हा त्या मंत्रिमंडळात होते. नियम करणाऱ्याच्या मानेवर नियम आला की तो किती काळ जगतो, एवढेच पाहावे.

परंतु माझा खरा आक्षेप तिसऱ्या प्रश्नाशी आहे. मतदारसंघातील बहुमत हीच अखेरची सत्ता असेल तर जो माणूस प्रत्येक मतदारसंघात अल्पसंख्य आहे त्याने कुणाकडे पाहायचे?

१९९३ च्या निवडणुकीत रिफॉर्मचे ५२ खासदार निवडून आले. १९९६ मध्ये त्यांच्यापैकी बॉब रिंगमा यांनी एका मुलाखतीत मत मांडले : एखाद्या नोकराच्या समलिंगी असण्यामुळे किंवा वंशामुळे गिऱ्हाईक दुखावत असेल तर दुकानदाराला त्याला दुकानाच्या मागच्या बाजूला हलवण्याची मोकळीक असावी. हे वाचताना मला कॅनडा परका वाटला नाही. मागची बाजू, वेगळा कप, वेगळा पाणवठा, यांचा भूगोल आपल्याला पाठ आहे. त्यातही गिऱ्हाइकाची भावना हेच कारण! आपल्याकडेही हॉटेलवाला म्हणायचा, माझे काही नाही हो, गावाला चालत नाही. रिंगमा निलंबित झाले, त्यांची बाजू घेणारे आणखी एक खासदार निलंबित झाले. आणि या बोलण्यावर जाहीर टीका करणाऱ्या जॅन ब्राउन याही निलंबित झाल्या. मुक्त मताचा पुरस्कार करणाऱ्या पक्षात अपराध्याला आणि त्याला अपराधी म्हणणारीला शिक्षा एकच. ब्राउन पुढे पक्षाबाहेर पडल्या.

दुसरे उदाहरण आदिवासींचे. सरकारदरबारी नोंद असलेल्या मूलनिवासींना आपला कायदेशीर दर्जा न गमावता केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क १९६० मध्ये मिळाला. ब्रिटिश कोलंबियातल्या निस्गा लोकांनी आपल्या जमिनीसाठी शंभर वर्षांहून अधिक काळ झगडा दिला आणि अखेरीस सरकारशी करार केला. डिसेंबर १९९९ मध्ये तो संसदेपुढे आला तेव्हा रिफॉर्मने चारशेहून अधिक दुरुस्त्या मांडल्या आणि सभागृहाला रात्रंदिवस मतदान करायला लावले. युक्तिवाद काय? सर्व नागरिक समान, कुणाला वेगळा दर्जा नको. निस्गांचे खोरे ज्या स्कीना मतदारसंघात येते तिथला खासदार रिफॉर्मचाच होता आणि तोही कराराचा विरोधक होता. खासदाराने बहुमताचे ऐकावे, हा नियम निस्गांच्या काय कामाचा? करार अखेर २००० मध्ये कायद्याने मंजूर झाला, तो रिफॉर्मच्या विरोधाला न जुमानता.

१९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघाचा जो प्रश्न बाबासाहेबांनी पुन्हा पुन्हा मांडला, तो हाच. राखीव जागेवरचा उमेदवारही सवर्ण बहुमताच्या मतांनीच निवडून येणार असेल तर तो कुणाचा प्रतिनिधी? ज्यांना शतकानुशतके मागे ढकलले त्यांना आज सारखे म्हणायचे आणि कालचा हिशेब मिटला म्हणायचे, या समतेची भाषा आपण रोज ऐकतो. आरक्षणाविरुद्धच्या भाषणात तीच असते.

शेवट असा झाला. मुदतीच्या कलमाची तारीख येण्यापूर्वीच, मार्च २००० मध्ये, सुमारे ९२ टक्के मतांनी सभासदांनी पक्ष कॅनेडियन अलायन्समध्ये विलीन करायला संमती दिली. त्या नव्या पक्षाच्या नेतृत्वाच्या निवडणुकीत जुलैमध्ये मॅनिंग हरले. सभासदांनी नेता बदलला, पण तो नव्या घरात गेल्यावर. २००३ मध्ये अलायन्सही जुन्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाशी मिळून आजचा कन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला.

मुलांनी हे सारे ऐकून आपली घटना पुन्हा लिहिली. अध्यक्षाला दूर करण्याची रीत आली, दर दोन वर्षांनी सभासदांकडून नव्याने मान्यता घेण्याचे कलम आले. मग मागे बसलेली एक मुलगी उठली. संघटनेत मुली चारच. ती म्हणाली, “सर, सगळे बहुमताने ठरणार असेल तर आम्ही चौघींनी फक्त हात वर करायचे का?” मुले गप्प झाली. त्या दिवशी घटनेत आणखी एक कलम आले : ज्या निर्णयाची झळ ज्यांना बसणार, त्यांचे म्हणणे लेखी नोंदवल्यावाचून आणि त्यावर चर्चा झाल्यावाचून तो निर्णय वैध होणार नाही.

कलम लहान आहे आणि अपुरेही आहे. पण ते वाचून दाखवायला त्या मुलीला दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही. आपल्या प्रत्येक मंडळाची, युनियनची, पक्षाची घटना काढून या तीन प्रश्नांशी ताडून पाहावी, आणि सभासदांना ती मोठ्याने वाचून दाखवावी. अंगठा उठवण्याआधी.