बोअर, रिंगा आणि प्लॅटिनम पॉइंट

जुन्या यंत्रांचा विषय निघाला की ‘तेव्हाचे लोखंडच वेगळे होते’ हे वाक्य कोणीतरी म्हणतोच. अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वी बनलेले गार्डन ट्रॅक्टर आजही गवत कापतात, बर्फ ढकलतात, परसातली जमीन नांगरतात आणि त्यांचे मालकही बहुधा हेच कारण पुढे करतात. लोखंड जाड होते हे खरे आहे. पण जाड लोखंडाची अनेक यंत्रे त्याच काळात बनली आणि भंगारात गेली. जे ट्रॅक्टर टिकले, त्यांच्या टिकण्यामागे मला वेगळे कारण दिसते. ते बनवणाऱ्या कंपन्यांनी बरेचसे भाग स्वतः घडवले नाहीत. बाजारात मिळणारे इंजिन, बाजारात मिळणारे बेअरिंग, पट्टे, कॉइल आणि कार्बोरेटर घेऊन त्यांनी यंत्र उभे केले. कंपनी बुडाली, विकली गेली किंवा तिने तो धंदाच सोडला, तरी यंत्राचा दाणापाणी तुटला नाही तो यामुळे.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे शेतातल्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ: साधारण सात ते वीस अश्वशक्तीचा, पण नांगर ओढू शकेल इतक्या भक्कम गिअरपेटीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांभोवती उपनगरे पसरली, घराभोवती मोठी आवारे आली आणि या यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी एल्मर पाँड आणि त्यांचा मुलगा सेसिल यांनी 1946 मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून पुढे ‘व्हील हॉर्स’ हे लाल रंगाचे ट्रॅक्टर आले. शेती-यंत्रांतली बलाढ्य कंपनी इंटरनॅशनल हार्वेस्टर 1961 च्या हंगामासाठी पिवळा-पांढरा ‘कब कॅडेट’ घेऊन उतरली. 1963 मध्ये जॉन डीअरने आपला 110 हा नमुना आणला. नावे तीन, रंग तीन, विक्रेतेही वेगळे. पण कब कॅडेटचे झाकण उघडा, 110 चे उघडा, किंवा त्या काळातल्या कितीतरी व्हील हॉर्सचे उघडा, आत एकाच घराण्याचे इंजिन सापडते: विस्कॉन्सिनमधल्या कोहलर कंपनीचे के-मालिकेतले एक-सिलिंडर इंजिन. आपल्याकडे कोहलर हे नाव बाथरूमच्या महागड्या नळांवर वाचायला मिळते. कंपनी तीच.

या इंजिनाची रचना दुरुस्तीच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसलेले असतात. त्यामुळे हेड म्हणजे केवळ एक झाकण उरते. बोल्ट सोडून ते उचलले की पिस्टन, व्हॉल्व्ह आणि साचलेला कार्बन सगळे डोळ्यांसमोर येते. बारा अश्वशक्तीच्या के-301 चा बोअर 3 पूर्णांक 3/8 इंच असतो आणि सिलिंडर थेट ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्येच कोरलेला असतो. तो झिजला की इंचाच्या दहा सहस्रांशाने मोठा करायचा आणि त्या मापाचा पिस्टन व रिंगा घालायच्या. पुन्हा झिजला तर वीस, मग तीस. म्हणजे कारखान्यानेच या ब्लॉकला अनेक जन्म लिहून दिले होते. प्रज्वलनासाठी बॅटरी, कॉइल, कंडेन्सर आणि प्लॅटिनम पॉइंट. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी सांभाळली, त्यांना यातले काहीच नवीन वाटणार नाही. पॉइंटमधले अंतर इंचाच्या वीस सहस्रांशाइतके ठेवायचे. हेच अंतर ठिणगीची वेळही ठरवते, म्हणून फ्लायव्हीलवरच्या खुणेशी ते ताडून पाहायचे. एक फीलर गेज, एक पाना आणि धीर इतके भांडवल पुरते.

यावर एक आक्षेप लगेच येईल: जे वाचले त्यांच्याकडेच पाहून तुम्ही वाचण्याचे कारण ठरवता, मेलेल्यांचे काय? आक्षेप रास्त आहे, म्हणून मेलेल्यांकडेच पाहू. मिशिगन राज्यातली टेकमसे ही कंपनी ओतीव लोखंडाचे, तितक्याच ताकदीचे, व्हॉल्व्ह शेजारी असलेले एचएच-120 हे इंजिन बनवी. सिअर्सच्या ‘सबर्बन’ ट्रॅक्टरांवर ते बसे. लोखंड जवळपास तसेच, वापर तसाच, काळही तोच. फरक असा की टेकमसेने यातल्या पुष्कळ इंजिनांत पॉइंट काढून टाकले आणि स्वतःची, सीलबंद, अर्धवाहक प्रज्वलन-व्यवस्था बसवली. कागदावर ती प्रगतीच होती: झिजणारा भाग गेला, अंतर बसवण्याची कटकट गेली. पण तो ठोकळा जळला की उघडता येत नाही आणि दुसऱ्या कोणाचा चालत नाही. टेकमसेने 2008 मध्ये इंजिने बनवणे थांबवले. तेव्हापासून पिस्टन ठणठणीत असलेले इंजिनही त्या एका ठोकळ्यापायी खोळंबते. काही कारागीर त्यावर जुन्या पद्धतीचे पॉइंट किंवा दुसरीकडचे इलेक्ट्रॉनिक भाग जुळवून बसवतात, पण ती ज्याची त्याची हिकमत असते. कोहलरची कॉइल गेली तर बारा व्होल्टची दुसरी योग्य कॉइल लावून गाडी संध्याकाळपर्यंत सुरू होते. धातू सारखा असूनही निकाल वेगळा लागतो, तो इथे.

कोहलरचे इंजिन निर्दोष होते असे मात्र नाही. त्यात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी तेल उडवते आणि तेवढ्यावर सगळे वंगण भागते. ॲल्युमिनियमचा तो रॉड क्रँकच्या पिनवर थेट फिरतो, मध्ये बेअरिंगचे कवच नाही. तेलाची पातळी उतरली किंवा यंत्र फार उतारावर चालवले की रॉड पकडतो आणि तुटताना ब्लॉकलाही भोक पाडतो. तेल रोज पाहणे हा या ट्रॅक्टरांच्या देखभालीतला पहिला आणि सर्वांत कंटाळवाणा नियम झाला तो यापायी. दुसरा दोष अधिक बोलका आहे. थरथर कमी व्हावी म्हणून मोठ्या के-इंजिनांतल्या काहींत कंपनीने तोल सांभाळणारी दोन गिअरचाके घातली. त्यांच्या पिना झिजून तुटल्या की चाक सुटून आत धुमाकूळ घालते. म्हणून इंजिन बांधताना बरेच मेकॅनिक ती चाके काढूनच टाकतात. थरथर जरा वाढते, ब्लॉक वाचतो. कंपनीची सुधारणा वगळून यंत्र दीर्घायुषी करण्याचा हा मार्ग अभियंत्यांना रुचणार नाही, पण वर्कशॉपचा अनुभव त्याच बाजूने बोलतो.

इंजिनाच्या मागे गेले की हाच हिशेब पुन्हा मांडता येतो. व्हील हॉर्समध्ये इंजिन आडवे बसते आणि ताकद पट्ट्याने गिअरपेटीकडे जाते. तेथे के-इंजिन संपले तर दुसऱ्या कोणाचे आडव्या शाफ्टचे इंजिन चार भोके पाडून बसवता येते. कब कॅडेटमध्ये, अगदी सुरुवातीचा नमुना सोडला तर, फ्लायव्हीलच्या बाजूने सरळ शाफ्ट क्लचमधून मागे जातो. गिअरपेटी फारमॉल कब या शेती-ट्रॅक्टरच्या वंशातली, म्हणून ती जवळजवळ अमर. पण दुसरे इंजिन घालायचे तर लेथवर खास जोडणी घडवावी लागते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1965 च्या सुमारास 123 या नमुन्यात गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक व्यवस्था आणली. तेल आणि फिल्टर वेळेवर बदलले तर तीही खूप वर्षे चालते. पण आतले पृष्ठभाग एकदा खरवडले की काम गल्लीतल्या लेथवाल्याच्या हाताबाहेर जाते. चालवायला सोपे आणि दुरुस्तीला सोपे या दोन गोष्टींची फारकत इथपासून दिसू लागते.

दुरुस्तीच्या या कौतुकावर आणखी तीन आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला धुराचा. जुने कार्बोरेटर पेट्रोल सढळ हाताने सोडते आणि अमेरिकेत लहान इंजिनांच्या धुरावर केंद्रीय नियम आले तेच मुळी 1997 च्या नमुन्यांपासून. दर आठवड्याला तासन्‌तास गवत कापणाऱ्याने या बाबतीत जुन्या यंत्राची वकिली करू नये. वर्षातून मोजके तास चालणाऱ्या यंत्राचा हिशेब वेगळा निघेल, पण त्यालाही शून्य म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. चालक आसनावरून उठला की इंजिन बंद पडावे अशी सोय यांतल्या कित्येकांत नाही आणि जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे. आसनाखाली स्विच बसवणे सोपे आहे. अस्तराची धूळ फुंकून उडवण्याची सवय मोडणे त्याहून कठीण. मूळ रूप राखण्याच्या हट्टापायी स्विच न बसवणाऱ्यांना माझ्या मते संग्राहक म्हणावे, दुरुस्ती करणारे म्हणू नये. तिसरा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या मुळाशी जातो: एक ट्रॅक्टर उभा करण्यासाठी एक-दोन ट्रॅक्टर मोडले जातात, मग हा साठा संपणारच ना? हुड, मडगार्ड आणि गिअरपेटीच्या ओतीव कवचांपुरते ते खरे आहे. पण मोडलेल्यांतून काय काढले जाते ते पाहिले तर मुख्यतः असे भाग निघतात जे त्या एकाच कंपनीने घडवले होते. रिंगा, पॉइंट, गॅस्केट, बेअरिंग, पट्टे यांसाठी कोणी ट्रॅक्टर मोडत नाही. ते आजही नवे मिळतात.

याच इंटरनॅशनल हार्वेस्टरचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासोबत तिने 1963 मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापली आणि कांदिवलीत बी-275 ट्रॅक्टर बनू लागला. तो शेतीचा मोठा, डिझेलचा ट्रॅक्टर. गार्डन ट्रॅक्टरशी त्याची बरोबरी नाही. पण त्याच्या पिढीचे ट्रॅक्टर आपल्याकडे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा तालुक्याच्या गावातल्या क्रँक घासणाऱ्यांनी आणि पंप-नोझलवाल्यांनी जगवले. तिथे ही हौस नव्हती, गरज होती. तरीही दोन्हीकडे अट एकच दिसते: भाग उघडता आला पाहिजे आणि त्याचे माप कंपनीबाहेरच्या माणसाला ठाऊक असले पाहिजे.

आज अमेरिकेत दुरुस्तीच्या हक्काची लढाई कायद्याने लढली जाते आहे. कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेती-यंत्रांसाठी असा कायदा केला आणि 1 जानेवारी 2024 पासून तो लागू झाला. उत्पादकाने मालकाला आणि स्वतंत्र मेकॅनिकला सुटे भाग, हत्यारे, माहिती-पुस्तिका आणि सॉफ्टवेअर उपलब्ध करून द्यावे, असे तो सांगतो. मागणी योग्यच आहे. पण के-301 आणि एचएच-120 यांची गोष्ट समोर ठेवली तर कायद्याची हद्दही दिसते. टेकमसेची माहिती-पुस्तिका आजही सहज मिळते आणि त्यात प्रज्वलनाचा ठोकळा कसा तपासावा ते नीट दिले आहे. तपासून तो मेला आहे इतके कळते. त्याच्या जागी काय बसवायचे याचे उत्तर पुस्तिकेत नाही, कारण तो भाग एकाच कंपनीचा होता आणि ती कंपनी आता तो बनवत नाही.