पॅट्रिक ओ'कॉनेल : एका पगारी खेळाडूची चाकरी

इंग्रजी वृत्तपत्रांच्या क्रीडास्तंभांत 'जर्नीमन' हा शब्द वारंवार आढळतो. एका क्लबांतून दुसऱ्या क्लबांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा ज्याचा जन्म जातो, त्या खेळाडूस तो लावतात. आणि 'जर्नी' म्हणजे प्रवास हें शाळेंत शिकलेलें असल्यामुळें आपण 'प्रवासी खेळाडू' असा त्याचा अर्थ करून मोकळे होतों. परंतु शब्दाचें मूळ निराळें आहे. फ्रेंच भाषेंत 'जूर्ने' म्हणजे एक दिवस, किंवा दिवसभराचें काम. युरोपांतील जुन्या कारागीर-संघांत तीन पायऱ्या असत : शिकाऊ उमेदवार, रोजावर काम करणारा तयार कारागीर, आणि स्वतःचें दुकान असलेला उस्ताद. यांतील मधला तो जर्नीमन. हात कसबी, पण दुकान दुसऱ्याचें. आज मी ज्या आयरिश खेळाडूची हकीकत सांगणार आहें, त्याला हा शब्द या मूळ अर्थानेंच लागू पडतो, म्हणून एवढा भाषेचा तास घेतला.

त्याचें नांव पॅट्रिक ओ'कॉनेल. जन्म १८८७ सालीं, डब्लिन शहरीं. बालपण ड्रमकाँड्रा या भागांत गेलें आणि पोटासाठीं तो बोलंडच्या पिठाच्या गिरणींत लागला. (१९१६ च्या ईस्टर उठावांत डी व्हॅलेरा आपली तुकडी घेऊन ठाण मांडून बसले, तें याच बोलंडच्या कारखान्यांत. आमचा हा गडी तोंपर्यंत इंग्लंडांत पोंचून सात वर्षें झालीं होतीं.) गिरणींतील मजुरी आणि सुटीच्या दिवशीं फुटबॉल असें चाललें असतां बेलफास्टच्या 'सेल्टिक' क्लबाची नजर त्याच्यावर गेली, आणि १९०९ सालीं इंग्लंडांतील शेफील्डच्या 'वेन्सडे' क्लबानें त्याला विकत घेतलें.

'विकत घेतलें' हे शब्द मी जाणून वापरले आहेत. इंग्लंडांत पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास १८८५ सालीं अधिकृत मान्यता मिळाली, पण तिच्या पाठोपाठ दोन बेड्याही आल्या. पहिली वेतनाची. १९०१ पासून कोणत्याही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक द्यावयाचें नाहीं असा नियम झाला. १९१० पासून कांहीं जुन्या खेळाडूंना पांच पौंडांपर्यंत जातां येऊं लागलें. एखाद्या कुशल कारागिराच्या मजुरीहून ही रक्कम अधिक होती, हें खरें. परंतु कारागिराचे हात पन्नाशीपर्यंत चालतात. फुटबॉलपटूचे पाय पस्तिशीच्या आंत जबाब देतात. दुसरी बेडी याहून कठीण. हंगाम संपला, करार संपला, तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्या हातीं राही. क्लबानें सोडलें नाहीं, तर त्याला लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबाकडून खेळतां येत नसे. आणि सोडलें, तर त्याची किंमत क्लब घेई. पहिली बेडी तुटावयास १९६१ साल उजाडलें. दुसरी १९६३ च्या एका न्यायनिर्णयानें सैल झाली, आणि करार संपलेल्या खेळाडूचें मोल क्लबानें मागावयाचें, ही रीत युरोपांत १९९५ सालच्या बोस्मन खटल्यानें मोडली. म्हणजे ओ'कॉनेल जन्मभर ज्या नियमांखालीं खेळला, त्यांत त्याच्या पायांचा मालक तो स्वतः नव्हता.

शेफील्डला तीन वर्षांत त्याला फारशी संधि मिळाली नाहीं. १९१२ सालीं तो हल सिटी या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबाकडे गेला. तेथें नियमित खेळला, हाफबॅकच्या जागीं नांव कमावलें, आणि १९१४ च्या उन्हाळ्यांत मँचेस्टर युनायटेड क्लबानें एक हजार पौंड मोजून त्याला नेलें. एवढ्या थोर क्लबाचें कप्तानपदही त्याच्याकडे आलें. त्या हजार पौंडांचे धनी अर्थातच हल सिटीचे चालक.

त्याच वर्षीं आयर्लंडच्या संघाकडूनही त्याच्या हातून मोठी कामगिरी घडली. तेव्हां आयर्लंडची फाळणी व्हावयाची होती. उत्तर आणि दक्षिण मिळून एकच संघ मैदानांत उतरे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चौघांची वार्षिक स्पर्धा असे, आणि तींत आयर्लंडचा वांटा बहुधा हार खाण्याचा. १९१४ सालीं मात्र वेल्सला २-१, इंग्लंडला इंग्लंडच्याच भूमीवर ३-० असें हरवून, व बेलफास्टला स्कॉटलंडशीं १-१ अशी बरोबरी करून आयर्लंडनें प्रथमच हें पद निर्विवाद मिळविलें. त्या शेवटच्या सामन्यांत आयर्लंडचा गोलरक्षक जायबंदी झाला, आणि ओ'कॉनेल मोडल्या हातानें शेवटपर्यंत खेळत राहिला असें सांगतात.

आतां या माणसाच्या चरित्रांतील अडचणीचा भाग. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडेचा दिवस. महायुद्ध सुरू होऊन आठ महिने झाले होते. हा हंगाम संपला कीं लीग बंद पडणार आणि पगार थांबणार, हें प्रत्येक खेळाडूस दिसत होतें. अशा वेळीं मँचेस्टरच्या मैदानावर युनायटेड व लिव्हरपूल यांचा सामना झाला. युनायटेड तळाशीं पोंचलें होतें. त्यांना विजयाची निकड होती. त्यांनीं २-० असा सामना जिंकला. उत्तरार्धांत युनायटेडला पेनल्टी मिळाली. ती मारावयास कप्तान ओ'कॉनेल पुढें आला आणि त्यानें चेंडू गोलापासून दूर बाहेर मारला. पुढें लिव्हरपूलच्या पॅग्नम या खेळाडूचा फटका गोलाच्या आडव्या दांड्यावर आदळला, तेव्हां त्याचेच सोबती त्याच्यावर संतापले. प्रेक्षकांना वास आला. लवकरच कळलें कीं, नेमक्या २-० या निकालावर ठिकठिकाणीं मोठमोठ्या पैजा लागल्या होत्या.

चौकशी झाली. त्या वर्षाच्या अखेरीस लिव्हरपूलचे चार आणि युनायटेडचे तीन अशा सात खेळाडूंना जन्मभर खेळबंदीची शिक्षा झाली. त्यांपैकीं सँडी टर्नबुल १९१७ सालीं फ्रान्सच्या रणांगणावर पडला. युद्धानंतर बहुतेकांची बंदी उठविण्यांत आली. फक्त युनायटेडच्या एनॉक वेस्टनें आपण निर्दोष असल्याचा हट्ट सोडला नाहीं, आणि त्याची बंदी १९४५ पर्यंत टिकली. सामन्याचा निकाल मात्र कायम राहिला. हंगामाच्या शेवटीं युनायटेड तळाच्या दोन क्लबांच्या एकाच गुणानें वर राहिलें.

ओ'कॉनेलला शिक्षा झाली नाहीं. त्या पेनल्टीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. माझ्या मतें, चौकशी करणारांनीं ज्यास दोषी ठरविलें नाहीं त्यास शंभर वर्षांनंतर आपण दोषी ठरवूं नये. पण तो चेंडू निव्वळ नेम चुकून गेला, असें शपथेवर सांगण्यासही मी धजणार नाहीं. चार-पांच पौंडांवर संसार चालविणाऱ्या आणि उद्यां तेही बंद होणार हें जाणणाऱ्या माणसांपुढें तो मोह उभा होता, एवढें ध्यानांत ठेवावें. मोह समजून घेणें म्हणजे त्याची भलावण करणें नव्हे.

युद्धाच्या काळांत तो निरनिराळ्या क्लबांकडून पाहुणा म्हणून खेळला. युद्ध संपलें तेव्हां तो बत्तिशींत होता. एक वर्ष स्कॉटलंडांतील डम्बार्टनला, आणि मग १९२० मध्यें इंग्लंडच्या ईशान्य टोंकास, अ‍ॅशिंग्टन या कोळशाच्या खाणींच्या गांवीं. त्या गांवानें पुढें जॅकी मिल्बर्न आणि चार्ल्टन बंधु असे मोठे खेळाडू दिले, पण त्या वेळीं त्याला कोणी ओळखत नसे. तेथें खेळाडूही तोच आणि शिक्षकही तोच. थकत चाललेल्या पायांच्या खेळाडूस बहुधा येथपर्यंतच वाट सांपडते. पुढें दारूचें दुकान, नाहीं तर खाण.

ओ'कॉनेलनें तिसरी वाट काढली. स्पेनमध्यें हा खेळ ब्रिटिश खलाशी, खाणमालक व अभियंते यांनीं नेला होता, आणि तेथील क्लबांना ब्रिटिश शिक्षकांचें अप्रूप असे. तेथें शिक्षकाला अजूनही 'मिस्टर' म्हणतात, तें त्याच काळाचें देणें. १९२२ सालीं उत्तर किनाऱ्यावरील सँतांदेरच्या 'रेसिंग' क्लबाची शिक्षकाची जागा रिकामी झाली. फ्रेड पेंटलंड हा इंग्रज शिक्षक ती सोडून गेला होता. ओ'कॉनेल तेथें रुजू झाला. पत्नी एलेन आणि चार मुलें मात्र मागेंच राहिलीं. त्यांना अधूनमधून टपालानें पैसे येत, आणि मग तेही येईनासे झाले. पुढें स्पेनमध्येंच त्यानें दुसरें लग्न केलें, तेंही एका आयरिश बाईशीं, आणि योगायोग असा कीं तिचेंही नांव एलेन. त्याचे स्पॅनिश चाहते त्याला आदरानें 'दोन पात्रिसिओ' म्हणत; हें सारें वाचतांना त्या पहिल्या एलेनचा विसर पडूं देऊं नये, असें मला वाटतें. चार मुलांचें ओझें तिनें एकटीनें वाहिलें, आणि त्याबद्दल कोणी तिला पदवी दिली नाहीं.

शिक्षक म्हणून मात्र तो पक्का निघाला. सँतांदेरला तो सात वर्षें राहिला. १९२९ सालीं स्पेनची राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हां तिच्या पहिल्या दहा क्लबांत त्याचा क्लब होता. नंतर दोन वर्षें ओव्हिएदो, आणि १९३१ पासून दक्षिणेंत सेव्हिल शहरचा 'बेतिस' क्लब. हा गोरगरिबांचा म्हणून ओळखला जाणारा, दुसऱ्या डिव्हिजनमधला क्लब. १९३२ सालीं तो वरच्या वर्गांत चढला, आणि १९३५ सालीं चक्क स्पेनचा विजेता झाला. बावीस सामन्यांत त्यांच्यावर अवघे एकोणीस गोल झाले. बचाव भक्कम, हेंच शिक्षकाचें सूत्र. ३४ गुण बेतिसचे, ३३ माद्रिदचे. शेवटचा सामना कोणाशीं पडावा? सँतांदेरच्या रेसिंगशीं, सँतांदेरलाच. आपल्याच जुन्या क्लबाला ५-० असें हरवून ओ'कॉनेलनें तें पद मिळविलें. बेतिसनें लीगचें विजेतेपद पुन्हां आजतागायत मिळविलेलें नाहीं.

या यशानें त्याला बार्सेलोनाचें बोलावणें आलें. पहिल्याच वर्षीं कॅटलन प्रांताचें पद मिळालें, आणि जून १९३६ मध्यें राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यांत माद्रिदकडून १-२ अशी हार झाली. त्यानंतर महिना लोटतो न लोटतो तोंच यादवी युद्ध पेटलें. ऑगस्टमध्यें क्लबाचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना फ्रँकोच्या सैनिकांनीं गोळ्या घालून ठार केलें. क्लबाचा कारभार नोकरांच्या समितीनें हातीं घेतला. राष्ट्रीय लीग बंद, उत्पन्न बंद, डोक्यावर कर्ज. ओ'कॉनेल तेव्हां सुटींत आयर्लंडला गेला होता. तेथेंच राहता तर त्याला कोणी नांवें ठेवलीं नसतीं. तो परत आला.

१९३७ सालीं मेक्सिकोंतील एका उद्योजकानें संघाला दौऱ्याचें आमंत्रण दिलें : पंधरा हजार डॉलर आणि सर्व खर्च. ओ'कॉनेल सोळा खेळाडू घेऊन निघाला. मेक्सिको झालें, न्यूयॉर्क झालें. दौरा संपला तेव्हां खेळाडूंना निवड करावयाची होती. सोळांपैकीं चौघेच परतले; बाकीचे कोणी मेक्सिकोंत, कोणी फ्रान्समध्यें राहिले. शिक्षक मात्र परतला. दौऱ्याचा पैसा क्लबाचे चिटणीस रोसेंद काल्वेत यांनीं पॅरिसच्या बँकेंत ठेवला, आणि त्यांतून क्लबाचें कर्ज फिटलें. 'बार्सेलोनाला वांचविणारा माणूस' असें ओ'कॉनेलला कांहीं लोक म्हणतात. हें श्रेय त्या चिटणिसाला आणि त्या नोकर-समितीलाही वांटून द्यावें लागेल. परंतु युद्धाच्या आगींत दोनदां स्वखुशीनें परतणें, हा भाग निखळ ओ'कॉनेलचाच.

युद्धानंतर पुन्हां बेतिस, मग त्याच शहरांतील प्रतिस्पर्धी सेव्हिला, जो त्याच्या हाताखालीं १९४३ सालीं लीगमध्यें दुसरा आला. आणि शेवटीं १९४७ ते १९४९ पुन्हां सँतांदेर. त्यानंतर त्याला कोणी कामावर ठेवलें नाहीं. त्याचा एक मुलगा बापाचा शोध घेत सेव्हिलला गेला होता. बापानें त्याची ओळख लोकांना 'माझा पुतण्या' अशी करून दिली.

अखेरचे दिवस त्यानें लंडनमध्यें काढले, सेंट पँक्रस स्टेशनच्या परिसरांत, भावाच्या घरच्या माळ्यावरील खोलींत, हातीं पैसा नसतां. २७ फेब्रुवारी १९५९ रोजीं तो वारला. केन्सल ग्रीनच्या सेंट मेरी दफनभूमींत त्याला पुरलें, पण थडग्यावर नांव कोरावयास कोणी नव्हतें. तें तसेंच पन्नासांवर वर्षें राहिलें. २०१४ सालीं त्याच्या कुटुंबीयांनीं व चाहत्यांनीं निधि उभारावयास आरंभ केला, आणि त्यांतून त्या जागीं आतां स्मारकाचा दगड उभा आहे.